सर्पगंधेची शांतता

ब्रह्मदेशात बेचैन हत्तींना एका झाडाचे मूळ चारून शांत करीत. मोहम्मद मनाल यांनी ते पाहिले आणि १९३४ मध्ये त्यांच्या हिमालया कंपनीने त्याच मुळाची 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली. कंपनी स्वतः ही हकिकत सांगते.

मूळ सर्पगंधेचे. बिहारात त्याला 'पागल की दवा' म्हणत. युनानी हकीम त्याला असरोल म्हणतात, हिंदीत आणखी एक नाव आहे, छोटा चांद. इतक्या कडू मुळाला इतके गोड नाव! जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे आमच्याकडे हकिमांना मान. कदीम जालन्यातल्या एका दवाखान्यात बरणीवर उर्दूत लिहिलेले 'असरोल' मी लहानपणी अक्षरे जुळवत वाचले आहे.

१९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ वेडावर आणि रक्तदाबावर चालते असे लिहिले. पण जगाने कान दिले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांमुळे. रक्तदाबाच्या रुग्णांवरचा त्यांचा लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसरपिन वेगळे काढले गेले. दोनच वर्षांत न्यूयॉर्ककडच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन ते रुग्णांना देत होते.

आणि १९५४ मध्येच एडवर्ड फ्रीस यांनी कळवले की, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होत आहेत. हे औषध मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन यांचे साठे रिकामे करते. नाक चोंदते, नाडी मंदावते, झापड येते, कधी हातपाय कापतात. खिन्नतेचा दोष खरोखर किती, याबद्दल पुढे संशोधकांत मतभेद झाले.

आमच्या घरात मात्र वाद नव्हता. १९८४ च्या सुमारास अब्बांना रक्तदाबासाठी याच जातीची गोळी सुरू झाली. पूर्वी भाजीवाल्याशीसुद्धा तावातावाने बोलणारा माणूस दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडू लागला. पाहुणे म्हणत, किती शांत झालेत! एकटी अम्मी म्हणायची, "शांत कसले, ते इथे नाहीतच." तिनेच डॉक्टरांना सांगितले, डॉक्टरांनी गोळी बदलली. काही आठवड्यांनी चहात साखर कमी पडली म्हणून अब्बा ओरडले, आणि अम्मी चुलीपाशी बसून हसत राहिली. (हे वाचून कुणी आपली गोळी मनाने बंद करू नये. रेसरपिन आता फारसे दिलेही जात नाही.)

अम्मीला जे दिसले, ते स्वीडनमधल्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये प्राण्यांवर दाखवले. रेसरपिन दिलेले ससे कान पाडून निश्चल बसले. एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते हिंडू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्यातून निघाली आणि कार्लसन यांना २००० चे नोबेल मिळाले.

जनावराला मात्र अम्मी लागतेच. परदेशात बुजऱ्या घोड्यांना रेसरपिन देतात. त्याचा अंमल कित्येक दिवस टिकतो, म्हणून शर्यतींत आणि स्पर्धांत ते चालत नाही. कुत्र्यांसाठी ॲसेप्रोमॅझिन नावाची दुसरी गोळी आहे. तिने कुत्रा आडवा होतो, पण फटाक्यांची भीती तशीच राहू शकते. फक्त पळता येत नाही. म्हणून हल्ली पशुवैद्य भीतीसाठी तीच एकटी गोळी देणे टाळतात. आमच्या गल्लीत दिवाळीला घरातल्या माणसाची झोपेची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणारे लोक आहेत. माणसाची मात्रा कुत्र्याला लागू पडत नाही, श्वास मंदावू शकतो. पशुवैद्याकडे जायचे तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी जावे. तो कुत्र्याचे वजन करील, आजार विचारील, आणि मग, हा घाबरल्यावर काय करतो, हेही विचारील. त्याचे उत्तर घरच्यांनाच द्यायचे असते.