मतं नेमकी कुणाची?

मंडळी, आपलं धर्माबाद नांदेड लोकसभा मतदारसंघात येतं, म्हणून 2019 ची आठवण काढू. विद्यमान खासदार अशोक चव्हाण पुन्हा उभे होते. 2014 च्या मोदी लाटेतही आपण त्यांना निवडून दिलं होतं. आता परत द्यायचं का, हा प्रश्न होता. प्रतापराव चिखलीकरांनी त्यांना सुमारे 40 हजारांनी हरवलं. वंचितचे यशपाल भिंगे दीड लाखांच्या पुढे गेले. लगेच आपण म्हणालो, ‘वंचितनं मतं खाल्ली.’ खाल्ली? ती आधी कुणाच्या ताटात होती? त्या मतदारांना कारण कुणी विचारलं नाही, आपण बेरीज-वजाबाकीच करत बसलो. पुढे 2024 ला खासदार चिखलीकर पुन्हा उभे राहिले, तेव्हा अशोकराव भाजपात, त्यांच्याच बाजूला होते. तरी काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून आले.