फिरते दप्तर: पटवाऱ्याच्या रुमालापासून लॅपटॉपपर्यंत

मलकापूर ते अकोला हे रेल्वेचे अंतर साधारण ९० किलोमीटर. गेली एकवीस वर्षे मी ते रोज दोनदा कापतो. आमच्याकडे याला 'अप-डाऊन' म्हणतात आणि ते करणाऱ्यांची एक वेगळी जमातच आहे: शिक्षक, बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या परिचारिका आणि माझ्यासारखे आडत दुकानात हिशेब लिहिणारे. नांदुऱ्याला पत्त्यांचा डाव बसतो, शेगावला भाविक चढतात-उतरतात, पारसच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की माणसे पिशव्या आवरू लागतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाचे शिक्षण कुठल्या महाविद्यालयात झाले नाही. मोडी शिकलो तो या गाडीत, मांडीवर पुस्तक घेऊन.

२०१२ साली हप्त्यांवर लॅपटॉप घेतला. दुकानातला सर्वांत स्वस्त तोच होता. त्याच सुमारास मेहकर तालुक्यातल्या एका जुन्या पटवारी घराण्यातल्या आजोबांनी घरातला एक रुमाल मला वाचायला दिला. पाहणीच्या नोंदी, कौल, कर्जाच्या चिठ्ठ्या, शेताच्या धुऱ्यांवरून झालेल्या भांडणांचे कागद असा ऐवज होता. "नीट नेजा बाप्पा, अन् नीट आणजा," एवढीच त्यांची अट. पहिली ४६ पाने मी वहीत हाताने उतरवली होती. लॅपटॉप आला आणि वही बंद झाली. रोज दहा पाने फायलीत घालून गाडीत न्यायची आणि थेट यंत्रावर देवनागरीत उतरवायची, असे करत आणखी दोनशेच्या वर पाने झाली. रुमाल परत केला.

२०१५ च्या पावसाळ्यात राजूर घाटातून बुलढाण्याला जाताना एसटीच्या फळीवरून बॅग खाली आली. लॅपटॉपची बिजागरी आधीच खिळखिळी होती, ती तुटली. आतली हार्ड डिस्कही गेली. कागदांची छायाचित्रे काढली नव्हती का, असे पुष्कळांनी विचारले. काढली होती, आणि ती त्याच डिस्कवर होती. पुन्हा रुमाल मागायला गेलो तेव्हा आजोबा वारले होते आणि माळवद पडून त्याखाली भिजलेल्या कागदांचा लगदा झाला होता.

त्यानंतर नवे यंत्र घ्यायचे ठरवले तेव्हा मनात प्रश्न होता तो साधा होता: प्रवासात काम करायला टिकाऊ आणि खिशाला परवडणारे साधन कोणते? दुकानदार त्याचे उत्तर किमतीच्या कागदावरून देतो. मला ते उत्तर पुरेना. आमच्या मुलखात हिंडत लिहिणारी माणसे शतकानुशतके होती. त्यांनी काय निवडले होते, ते मी शोधू लागलो.

मांडीवरचे लिखाण

'दप्तर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले. सरकारी कागदांचा संग्रह म्हणजे दप्तर आणि मुलाच्या पाठीवरची पिशवी म्हणजेही दप्तर. जो कागद जपायचा तोच उचलून न्यायचाही असतो, हे या एका शब्दात राहून गेले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो 'रुमाल' आहेत. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून केलेले बासन. घोड्यावर, बैलगाडीत, कारकुनाच्या काखेत ते सारखेच राहते. धक्का बसला तर आतल्या कागदाला काही होत नाही.

त्यासोबतची सामग्री मोजकी होती: बोरू, दौत, चाकू, शाई टिपायला वाळूची डबी. बोरू मोडला तर नदीकाठी दुसरा मिळे. शाई काजळ आणि डिंक यांची, म्हणून ती उन्हाने विटत नसे. चांगला कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हाताने तयार होई. लिहायला मेज लागत नसे. एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरला की झाले. 'लॅपटॉप' या शब्दाचा अर्थ मांडीवरचे असा घेतला, तर आमचा पटवारी तो फार आधीपासून वापरत होता.

लिपीही या कामाला साजेशी होती. मोडीची सुरुवात परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्याकडे देतात. लोणार, मेहकर भागातली काळ्या दगडाची जुनी देवळे लोक ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा हेमाडपंत. परंपरा खरी असो वा नसो, मोडीची रीत पाहण्यासारखी आहे. पानभर शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत जायचे. वेगाने, अडचणीच्या जागी, कमी उजेडात लिहिणाऱ्याची ही लिपी. जुन्या पत्रांत 'मुक्काम' लिहिण्याची पद्धत होती. माणूस चालत असे तेव्हा लिहीत नसे. थांबला की लिही.

या लोकांचे मोठे शहाणपण मात्र साधनांत नव्हते, रीतीत होते. जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा भेटतो. महत्त्वाचा कागद एकटा ठेवायचा नाही, त्याची नक्कल करून ती दुसऱ्या हाती द्यायची. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत आणि ते छापत, तेही एका अर्थाने नक्कल करणेच होते. १८९८ पासून निघालेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड आज आपल्या हाती आहेत. त्यातल्या कित्येक कागदांची अस्सले कुठल्या तरी माळवदाखाली गेली असतील.

बसायला जागा देणारी गाडी

बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तोंडांचा आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची वाट घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-शेगाववरून गेली आणि १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये कापसासाठी जलंबहून खामगावला छोटी शाखा निघाली. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण घाटावर असल्याने आजही रेल्वेविना आहे आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे.

रेल्वेने लिहिणाऱ्याला एक नवी गोष्ट दिली. प्रवास चालू असताना बसून हात मोकळे ठेवता येऊ लागले. बैलगाडीत आणि घोड्यावर ते शक्य नव्हते. पण त्या मोकळ्या हातांत काय द्यायचे, याचे उत्तर यायला फार वेळ लागला. टंकलेखन यंत्र आले ते कचेरीचे साधन म्हणून. भारतात गोदरेजने १९५५ साली स्वतःचे टंकलेखन यंत्र काढले आणि २००९ पर्यंत ते बनवले. ते जड होते, पण त्याला वीज लागत नसे. भारनियमनाच्या काळात तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसलेला अर्जनवीस निवांत टकटक करत असे आणि आत संगणकासमोर लोक वीज येण्याची वाट पाहत. यंत्र बिघडले तर गावातला माणूस स्क्रू उघडून ते दुरुस्त करी. पुढे वाचाल त्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अकरा किलोंपासून पुढे

पहिला खपाऊ फिरता संगणक म्हणून ओळखला जाणारा ऑस्बर्न १९८१ साली अमेरिकेत आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा आणि बॅटरी नाही. त्याला घेऊन मलकापूरच्या पुलावरून फलाट बदलायचा म्हटला तर हमालच करावा लागेल. लगेच १९८२ मध्ये ग्रिड कंपास आला. पुस्तकासारखे मिटणारे आजचे रूप त्याचे, पण किंमत आठ हजार डॉलरांच्या वर.

मला या इतिहासात सर्वांत आवडलेले यंत्र १९८३ चे आहे, टीआरएस-८० मॉडेल १००. त्याचा पडदा आठ ओळींचा, प्रत्येक ओळीत ४० अक्षरे. हलणारा भाग जवळजवळ नाही. चार पेन्सिल सेलवर ते सुमारे २० तास चाले. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळत, म्हणून बातमीदारांनी ते वर्षानुवर्षे सोडले नाही. बोरूचा आणि या यंत्राचा स्वभाव एक आहे: काम थोडे, पण अडले तर जवळपास काही तरी मिळावे.

स्वस्त यंत्राचे प्रयोग आपल्याकडेही झाले. प्रत्येक मुलाला लॅपटॉप या जागतिक योजनेतली यंत्रे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत आली. त्यांचा पडदा उन्हात वाचता येई, कळफलकात धूळ जात नसे. शंभर डॉलरांचे उद्दिष्ट मात्र गाठले गेले नाही; किंमत जवळपास दुप्पट झाली. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' टॅब्लेट आणला, सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. पण पहिल्या आवृत्तीची बॅटरी आणि स्पर्शपडदा यांवर टीका झाली. एकाने टिकाऊपणा साधला, दुसऱ्याने किंमत. दोन्ही एका यंत्रात आली नाहीत.

तलाठ्याच्या पाठीवर

आमच्या पटवाऱ्याचा वारस तलाठी. त्याचे दप्तर एक ते एकवीस गाव नमुन्यांचे. सातबारा म्हणजे त्यातला सातवा आणि बारावा. ई-फेरफार आल्यावर हे दप्तर संगणकावर गेले, पण साझा तोच राहिला, चार-पाच गावे पसरलेला. अनेक तलाठ्यांनी पदरमोड करून लॅपटॉप घेतले. २०१६ च्या आंदोलनात लॅपटॉप आणि प्रिंटर मिळावेत ही त्यांची एक मागणी होती. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. गाडीत माझ्याशेजारी बसणारे एक तलाठी मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला जोडून सर्व्हर कधी उघडतो याची वाट पाहत असत. त्यांचा शेतकरी साझ्यावर बसलेला असे. लॅपटॉप बंद पडला तर नुसते यंत्र बंद पडत नाही. कुणाचे तरी पीककर्ज अडते.

अक्षरांचा टिकाऊपणा

माझ्या रुमालाच्या काही फायली पुढे एका जुन्या पेनड्राइव्हवर सापडल्या. उघडल्या तर पानभर गिचमिड: रोमन अक्षरे, चिन्हे, मध्येच एखादा कंस. देवनागरीला ठरावीक संकेत देण्याचे काम झाले नव्हते असे नाही. भारतीय मानक असलेली इस्की संहिता १९९१ ची, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची आणि तिच्यात देवनागरी होती. पण मराठी छपाईच्या दुनियेत प्रत्येक फाँटचा संकेत निराळा चालत राहिला आणि मीही सवयीने तसलाच फाँट वापरला. तो फाँट नव्या यंत्रात नसला की मराठी नाहीशी. तीन महिने एकेक चिन्ह जुळवून मी ३१ पाने परत मिळवली. जोडाक्षरांत अजून शंका आहेत. मोडी वाचता येणारा सापडला नाही की कागद मुका होतो. माझ्याच हाताने लिहिलेले माझ्या हयातीतच मुके झाले.

शेवटी घेतले ते

नवे यंत्र घेताना मग मी पटवाऱ्याच्या नजरेने पाहिले. आत फिरणारी तबकडी नको. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि तिच्यावर काटा केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतो; एसटीचा दणका तिला सोसत नाही. न हलणारी एसएसडी हवी. बिजागरी धातूची हवी. बॅटरी आणि कळफलक अकोल्यातल्या कारागिराला बदलता आले पाहिजेत. पडदा चकचकीत नको, खिडकीशी बसले की त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. वजन दीड किलोच्या आसपास हवे, कारण डब्याचे आणि पाण्याच्या बाटलीचे वजन कमी होणार नसते. 'लष्करी दर्जा' या शब्दांना भुलायचे नाही. ज्याचे नाव घेतात ते अमेरिकी लष्कराचे परीक्षण-मानक १९६२ पासून आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते बहुधा कंपनीच ठरवते.

एवढे सगळे नव्या स्वस्त यंत्रात मिळेना. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. तसला एक १८,००० रुपयांना घेतला. दिसायला काळा, बोजड, विटलेला. बॅटरी एकदा बदलली आहे. आता लिहितो ते फक्त युनिकोडमध्ये. दर शनिवारी तीन नकला होतात: एक घरच्या डिस्कवर, एक मुलीकडे पुण्यात आणि एक कागदावर छापून खारव्याच्या कापडात बांधलेली.

ती ४६ पानांची वही अजून बॅगेत असते. शाई विटलेली नाही. सत्तेचाळिसावे पान कोरे आहे. त्यावर धुऱ्याच्या एका वादाचा निवाडा उतरवायचा होता. वादी-प्रतिवादींची नावे सेहेचाळिसाव्या पानावर आहेत. निवाडा कोणाच्या बाजूने झाला ते मी वाचले होते, टंकितही केले होते. आता आठवत नाही.