पुवावर पांघरलेलं कापड

७ सप्टेंबर १९९० रोजी ब्यूनस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी एका रुग्णाच्या महाधमनीतला फुगा पोट न फाडता बंद केला. जांघेतल्या धमनीतून डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी वर नेली आणि हुलिओ पाल्माझ यांच्या धातूच्या स्टेंटने ती आतून घट्ट बसवली. त्याआधी तीन वर्षं खारकीव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीवर असाच इलाज केला होता, पण सोव्हिएत सीमेपलीकडे त्याची खबर फारशी पोचली नाही.

ज्यांचं हृदय किंवा फुप्फुसं मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाहीत, त्यांच्यासाठी पारोदींनी ही युक्ती योजली होती. तो फुगा जीर्ण झालेल्या भिंतीचा होता, सडलेल्या नव्हे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

जंतूंनी पोखरलेल्या भिंतीचा फुगा विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्येच वर्णिला होता. साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकॉकस रक्तातून येऊन भिंतीत घर करतात, आणि असा फुगा झपाट्याने वाढून फुटतो. त्यावर शल्यविद्येचा जुना नियम एकच: सडलेलं सगळं कापून काढा. पण हे रुग्ण बहुधा वयस्क, तापाने खंगलेले, अनेकदा मधुमेही. टेबलावरच दगावण्याची भीती. म्हणून १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांच्या छातीतल्या महाधमनीत अशीच स्टेंटवर चढवलेली कापडी नळी, म्हणजे स्टेंट ग्राफ्ट, बसवल्याचं प्रसिद्ध केलं. धाडस होतं आणि त्यामागे करुणाही होती. पण पू जागच्या जागी राहिला, आणि त्याला टेकून परकं कापड आलं.

२०१४ मध्ये युरोपातल्या १६ केंद्रांनी असा इलाज झालेल्या १२३ रुग्णांचा हिशेब मांडला. महिन्याभरानंतर ९१ टक्के जिवंत होते, पाच वर्षांनंतर ५५ टक्के. २७ टक्क्यांना जंतुसंसर्गाची गुंतागुंत झाली, बहुतेकांना पहिल्याच वर्षात, आणि त्यांतले बहुसंख्य त्यातच गेले. कुणाचा ग्राफ्टच दूषित होतो, कुणाची महाधमनी पुन्हा फुटते. सगळ्यांत भयंकर म्हणजे महाधमनी आणि आतडं किंवा अन्ननलिका यांच्यात वाट पडणं. आधी रक्ताची छोटीशी उलटी होऊन थांबते, नंतर एकदम लोंढा. म्हणून घरी गेलेल्या रुग्णाचा ताप, पाठदुखी, काळं शौच यांतलं काहीही किरकोळ समजू नये.

अँटिबायोटिक महिनोन्‌महिने, कधी जन्मभर चालतं. तरी ग्राफ्ट दूषित झालाच तर तो काढून रुग्णाच्याच मांडीतली शीर किंवा गाईगुरांच्या हृदयावरणाची नळी बसवावी लागते. म्हणजे जी शस्त्रक्रिया टाळली होती तीच, आता आणखी थकलेल्या देहावर.