साडेअठरा मिनिटांची घरघर: यंत्राचा दोष की हाताची करणी?

१/ २० जून १९७२. वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक होऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे निकटचे सहकारी एच. आर. हॉल्डमन यांच्यात झालेले संभाषण गुप्त ध्वनिमुद्रण यंत्रणेने टिपले.

२/ नोव्हेंबर १९७३ मध्ये उघड झाले, की या फितीवरील साडेअठरा मिनिटांत एकही शब्द उरलेला नाही. आहे ती केवळ घरघर. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी साक्ष दिली: फोन उचलताना चुकून रेकॉर्डची कळ दाबली गेली असावी. परंतु त्यांच्याच म्हणण्यानुसार ही चूक सुमारे पाच मिनिटांपुरती होती. मग उरलेली मिनिटे कोणी पुसली?

३/ हे समजण्यासाठी टेपरेकॉर्डर पुसतो कसा, ते पाहावे लागते. फितीवरील सूक्ष्म चुंबकीय कणांच्या रचनेत आवाज साठवलेला असतो. रेकॉर्डची कळ दाबली की फीत प्रथम ‘इरेज हेड’समोरून जाते. तेथील अतिशय वेगाने उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह कणांची जुनी रचना विस्कटून टाकतो. त्यानंतर फीत ‘रेकॉर्ड हेड’कडे जाते आणि तेथे नवा आवाज उमटतो.

४/ मात्र पुसणाऱ्याचाही माग उरतो. मुद्रण थांबवताच हेडमधील प्रवाह तुटतो आणि त्या जागी फितीवर एक सूक्ष्म चुंबकीय खूण राहते. फितीवर चुंबकीय कणांचे द्रावण पसरले, की ती खूण डोळ्यांना दिसते.

५/ न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या न्यायालयासाठी सहा तज्ज्ञांच्या समितीने नेमक्या याच खुणा शोधल्या. संशयित यंत्र होते ‘उहेर ५०००’. जानेवारी १९७४ मध्ये समितीने प्राथमिक निष्कर्ष कळवला: पुसण्याची क्रिया एका सलग चुकीत झालेली नाही. किमान पाच, कदाचित नऊ वेळा कळा हाताने दाबून ती झाली आहे.

६/ यावर आक्षेप आला: यंत्रच बिघडलेले असेल तर? शंका निराधार नव्हती. तपासणीच्या काळात यंत्राच्या वीजपुरवठ्यातील एक सदोष डायोड बदलावा लागला होता. त्या दोषामुळेच यंत्र अधूनमधून बंद-चालू झाले असेल, असा टीकाकारांचा तर्क होता.

७/ मे १९७४ च्या अंतिम अहवालात समितीने हा तर्क फेटाळला. काही खुणा यंत्रातील अशा स्विचच्या होत्या, जो केवळ कळ दाबल्या-सोडल्यानेच हलतो. वीज कमी-जास्त होऊन तो हलत नाही. म्हणजे बिघाड खरा होता, पण गुन्हेगार तो नव्हता.

८/ तो हात कोणाचा, हे मात्र खुणा सांगू शकल्या नाहीत. पुढे ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले, ते या फितीमुळे नव्हे. तीनच दिवसांनंतरची, २३ जून १९७२ ची फीत त्यांना भोवली. ती कोणी पुसली नव्हती.

९/ २००१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हरवलेले शब्द परत मिळवण्याचे प्रयोग करवून घेतले. २००३ मध्ये ते थांबले. एकही शब्द हाती लागला नाही. हॉल्डमन यांनी त्या बैठकीत केलेली टिपणे मात्र उरली आहेत, आणि त्यांत वॉटरगेटचा उल्लेख आहे.

१०/ कागद गहाळ झाला, की अभ्यासक तेथे थांबतात. या फितीने दाखवले, की गहाळ होण्याचीही तपासणी करता येते. काय बोलले गेले ते कळले नाही. ते हाताने कळा दाबून पुसले गेले, एवढे कळले. अशा प्रकरणात तेवढेही थोडे नसते.