आधी उतरवून घ्या, मग तपासा

औसा सोडून पुण्याला आल्यापासून माझं पोट लिनक्स सर्व्हरवर चालतं. त्या कामातली, एकाच यंत्रावर अनेक यंत्रं चालवायची कला जुनी. आयबीएमनं ती १९६० च्या दशकातच मेनफ्रेमवर जमवली होती. इंटेलनं २००५ मध्ये तिला चिपमध्येच आधार दिला आणि हीच कला लिनक्सला देणारं अवी किव्हिटी यांचं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आलं. डागडुजी तेव्हापासून चालूच आहे.

त्यातली माझी आवडती दुरुस्ती २०२१ ची. मूळ यंत्राच्या आत चालणारं पाहुणं यंत्र स्वतःच्या पोटात आणखी एक यंत्र चालवतं, तेव्हा आपल्या मागण्या स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतं. एएमडीच्या चिपवर केव्हीएम त्या तपासायचं आणि वापरताना पुन्हा तिथूनच वाचायचं. मधल्या क्षणात पाहुण्यानं मजकूर बदलला की तपासणी पाण्यात! आडतीत नमुना एका सोयाबीनचा दाखवावा आणि पोती दुसऱ्याच मालाची उतरवावीत, तसला प्रकार. पाहुण्याला थेट यजमानात, म्हणजे मूळ यंत्रात शिरता येत होतं. गूगल प्रोजेक्ट झीरोच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी हे हेरलं. पाओलो बोनझिनी यांनी क्रम बदलला: मागण्या आधी कर्नलच्या मेमरीत उतरवून घ्यायच्या, मगच तपासायच्या.

ही चूक लिनक्स ५.१० मध्ये शिरलेली. जुन्याच कर्नलला चिकटून बसलेले आम्ही त्या खेपेला आळसामुळे वाचलो.