साफ्टा आणि महाराष्ट्राचा कांदा
दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र (साफ्टा) : सार्क (दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना) देशांमधील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटविण्याचा करार. इस्लामाबाद येथे ६ जानेवारी २००४ रोजी सह्या. अंमल २००६ पासून. तरीही आपसातील व्यापार एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्केच आहे. भारत–पाकिस्तान वैर, संवेदनशील मालाच्या लांबलचक याद्या व सीमेवरील खोळंबा ही त्याची प्रमुख कारणे. या अडचणींचे एक उदाहरण म्हणजे कांदा. बांगलादेश हे नाशिकच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. १४ सप्टेंबर २०२० रोजी भारताने अचानक निर्यातबंदी केली. सीमेवर अडकलेल्या ट्रकांत कांदा सडला, नाशकात शेतकरी रस्त्यावर उतरले, ढाक्यात भाव भडकले. त्याच वर्षी नाशिकहून रेल्वेने कांदा थेट बांगलादेशात पोहोचला होता. अशी वाहतूक, निर्यातबंदीची पूर्वसूचना व शेजाऱ्यांसाठी ठरावीक कोटा मिळाल्यास उत्पादक व ग्राहक दोघांचेही हित साधेल.