माजघरातले यंत्र आणि बाहेरचे कान

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘खासगी’ हा शब्द वारंवार भेटतो. मात्र आज आपण त्याला जो अर्थ देतो त्या अर्थाने नव्हे. राज्यकर्त्याच्या घरगुती मालमत्तेचा आणि तिच्या कारभाराचा जो विभाग, तो खासगी. राज्याचा महसूल आणि त्याचा कारभार, ती दौलत. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी जी देवळे, घाट, धर्मशाळा उभारल्या त्यांच्या संदर्भात होळकरांच्या ‘खासगी’चा उल्लेख येतो तो याच अर्थाने. पुण्यातील ‘खासगीवाले’ हे आडनावही पेशव्यांच्या अशाच कारभारातून आलेले आहे. म्हणजे आपल्या भाषेत खासगी ही आधी एक मिळकत होती, आणि तीही ज्याच्यापाशी राज्य आहे त्याची. सामान्य रयतेला घर होते, दार होते, अब्रू होती. परंतु ‘खासगी’ नव्हती.

शब्दाचा हा प्रवास नोंदवण्याचे कारण असे की, घरातील विजेच्या उपकरणांतून होणाऱ्या पाळतीविषयी आज जे बोलले जाते ते बहुतांशी परक्या परिभाषेत बोलले जाते. त्यामुळे हा प्रश्न आपला नाही, श्रीमंत देशांतल्या श्रीमंत माणसांचा आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात घरात आलेले यंत्र आणि घराबाहेरून त्याकडे लागलेले कान यांचा इतिहास महाराष्ट्रातही जवळजवळ शतकभराचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचे काही टप्पे पाहावयाचे आहेत.

कोकणातील जुन्या घराची रचना येथे उपयोगी पडते. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू असा तो क्रम. कोणी कोठवर यावे हे या रचनेने ठरलेले असे; तेथे जातीची आणि स्त्रीपुरुषभेदाची कठोर शिस्त होती, हे विसरता येत नाही. ओटीवर बोलले ते गावाने ऐकले तरी चालेल, माजघरात बोलले ते घराचे, अशी ती वाटणी. पण माजघर घराचे होते याचा अर्थ ते माजघरातील प्रत्येक व्यक्तीचे होते असा नाही. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात घरातल्याच बायकांचा त्यांच्या शिक्षणाला कसा विरोध होता हे सविस्तर आले आहे. शिकणाऱ्या सुनेवर पहिली नजर होती ती माजघराचीच. घराचा खासगीपणा आणि घरातील व्यक्तीचा खासगीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पुस्तकातून जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही कायद्याच्या ग्रंथातून दिसणार नाही.

या माजघरात पहिले बोलणारे यंत्र आले ते रेडिओच्या रूपाने. (ग्रामोफोन त्याआधीचा; पण त्याला बाहेरच्या जगाशी तार नव्हती.) रेडिओ घेणे ही मात्र केवळ खरेदी नव्हती. १९३३ च्या बिनतारी संदेश कायद्यान्वये परवान्याशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता आणि विनापरवाना यंत्र असल्याचा संशय आल्यास जागेची झडती घेण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यास होता. परवाना पोस्टातून मिळे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली आणि १९८० च्या दशकात ती संपली. आज साठीपुढे असलेल्या कित्येकांना परवान्याचे ते पुस्तक आठवत असेल. कोणत्या घरात रेडिओ आहे हे सरकारला ठाऊक होते. पण रात्री त्या घरात कोणते केंद्र लागते हे सरकारला कळण्याची सोय नव्हती. नोंद यंत्राची होती, ऐकण्याची नव्हती. या फरकाकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळावे लागेल.

बोलणाऱ्याची गोष्ट अर्थातच वेगळी होती. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्टला सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला पकडले गेले. जेमतेम अडीच महिने. या काळात प्रक्षेपणाची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागली, कारण लहरी कोठून निघतात हे शोधणारी पोलिसांची वाहने शहरात फिरत होती. अखेरीस पोलीस पोहोचले ते मात्र केवळ यंत्राच्या बळावर नव्हे. ओळखीतल्या एका तंत्रज्ञाने माहिती दिल्यामुळे. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. पाळतीच्या इतिहासात यंत्र आणि फितुरी ही जोडी नेहमी एकत्र आढळते. पुढे फितुरीचे कामही यंत्रच करू लागले, हा त्यानंतरचा भाग.

त्याची एक सूचना स्वातंत्र्योत्तर मुंबईतील एका खटल्यात मिळते. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनास लाच देऊ केल्याचे ते प्रकरण होते. सापळा रचला गेला तो कारकुनाच्या राहत्या घरी. पोलीस आतल्या खोलीत बसले आणि ध्वनिमुद्रकाचा मायक्रोफोन बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या आड दडवून ठेवण्यात आला. साहित्याच्या अभ्यासकांनी हा तपशील लक्षात ठेवावा असा आहे: घरातील हा छुपा कान लपला तो ग्रंथांच्या मागे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. बोलणारा आपणहून बोलला, त्याच्यावर सक्ती नव्हती, आणि असे मुद्रण म्हणजे घडलेल्या प्रसंगाचे छायाचित्रच होय, असा त्याचा आशय. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरांच्या खटल्यातही, दूरध्वनीला जोडलेल्या ध्वनिमुद्रकाचा पुरावा न्यायालयाने स्वीकारला. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण मिळेल, पण ते संरक्षण अपराध्यासाठी नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. अपराधी कोण हे तर ऐकल्यावरच ठरते. मग ऐकण्यापूर्वी संरक्षण कोणाला, हा प्रश्न उरलाच.

लाच देणाऱ्याची बाजू घेण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती संमतीची. दोन्ही प्रकरणांत एका बाजूची संमती होती: घराच्या मालकाची, दूरध्वनीच्या मालकाची. पाहुण्याला कोणी विचारले नव्हते. आज दिवाणखान्यात जो ‘स्मार्ट स्पीकर’ ठेवलेला असतो त्याची अटीपत्रे यजमानाने मान्य केलेली असतात; चहाला आलेल्या शेजाऱ्याने, कामाला येणाऱ्या बाईंनी, शिकवणीला आलेल्या मुलांनी नव्हे. पुस्तकांआडचा तो मायक्रोफोन निदान एका सापळ्यापुरता होता आणि काम झाल्यावर उचलून नेला गेला. आजचा तेथेच राहतो.

न्यायालयांची भूमिकाही दरम्यान बदलत गेली. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मानला गेला नव्हता. (१९६२ च्या निकालाने रात्रीअपरात्री घरी येऊन पाहणी करण्याचा पोलिसांचा अधिकार मात्र रद्द केला, हक्काला नाव नसताना त्याचे रक्षण झाल्याचे हे उदाहरण.) १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने काही बंधने घातली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्या निकालातील प्रमुख मत लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील, आपले वडील यशवंतराव चंद्रचूड ज्यात बहुमताच्या बाजूस होते तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्याच एका प्रकरणात दूरध्वनी ऐकण्याचे आदेश रद्द करून ती मुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. १९७२ आणि २०१९ हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की अर्धशतकात काय घडले ते कळते.

परंतु या सर्व निकालांत समोर उभे आहे ते सरकार. घरातील यंत्राचा इतिहास याच काळात दुसऱ्या वाटेने चालला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खासगी वाहिन्या आल्यावर कोणता कार्यक्रम किती घरांत पाहिला जातो हे मोजण्याची गरज जाहिरातदारांना भासली, आणि निवडक घरांतील संचांना मोजणीची यंत्रे जोडली जाऊ लागली. आजच्या पद्धतीत वाहिनीच्या आवाजातच माणसाच्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. यंत्र ती ओळखते, आणि समोर कोण बसले आहे हे घरातील माणसे बटण दाबून सांगतात. येथे घराला आधी विचारले जाते, आणि ते घर कोणते हे गुप्त ठेवणे हाच साऱ्या व्यवस्थेचा पाया असतो. त्या पायालाच तडे गेले. २००१ मध्ये मुंबईतील अशा घरांची यादी फुटल्याचे प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की, अशा घरांना विशिष्ट वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे देण्यात आले. तो खटला पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारने मागे घेतला, त्यामुळे आरोपांच्या खरेखोटेपणाविषयी येथे बोलणे योग्य नाही. एक गोष्ट मात्र उघड आहे: कोणत्या घरात काय पाहिले जाते ही माहिती बाजारात मोलाची आहे, आणि जे मोलाचे असते ते फार काळ कुलपात राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे निवडक घरांची गरजच संपणे. इंटरनेटला जोडलेला दूरचित्रवाणी संच पडद्यावरील चित्राचे सूक्ष्म नमुने घेऊन ते दूरच्या संगणकावरील संग्रहाशी ताडून पाहू शकतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे एक कोटी दहा लाख संचांतून, ग्राहकांची रीतसर संमती न घेता, असा क्षणाक्षणाचा तपशील गोळा केल्याचे प्रकरण फेब्रुवारी २०१७ मध्ये बावीस लाख डॉलर भरून मिटवले. वाचनाचेही तेच. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून विकलेली पुस्तके परस्पर पुसून टाकली, आणि त्यांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती! कंपनीने नंतर क्षमा मागितली. पण कपाटातील पुस्तक दुकानदार येऊन नेऊ शकतो, हे वाचकांना त्या दिवशी कळले.

आणि आता विजेचा मीटर. जॉर्ज हार्ट या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिले की, घराच्या एकूण वीजवापरातील चढउतार पाहून आत कोणते उपकरण कधी चालू झाले ते बाहेरून ओळखता येते. त्याचा पाळतीसाठी उपयोग होईल हा इशाराही त्यानेच १९८९ मध्ये लिहून दिला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीचे स्मार्ट मीटर नाकारले ते खासगीपणाच्या कारणावरून. आपल्याकडे जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. पुढे महावितरण ‘टीओडी’ मीटर बसवू लागली. त्यावर चर्चा पुष्कळ झाली, पण ती मुख्यतः बिलाभोवती. पैशाचा हिशेब मागण्याची भाषा आपल्यापाशी आहे. घराच्या दिनक्रमाचा हिशेब कोणाकडे जातो हे विचारण्याची भाषा अजून घडावयाची आहे. ‘खासगी’ म्हणजे मिळकत, हा जुना अर्थ आपल्याला सोडून गेलेला नाही असे यावरून म्हणता येईल.

चिपळूण, गुहागर, संगमेश्वरकडील कित्येक घरे वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतात. चाकरमानी येतात ते गणपतीला, शिमग्याला. कोणते घर केव्हा उघडते, कोणाकडे दिवा लागला, हे वाडीला ठाऊक असतेच. मग मीटरला कळले तर काय बिघडले, असा युक्तिवाद होऊ शकतो. बिघडते ते असे. वाडीचे ज्ञान दुतर्फी असते. तुम्ही माझा दिवा पाहता, मी तुमचा पाहतो. आणि माझ्याविषयी कोणी काही बोलले तर ते कोण बोलले हे मला कधीतरी कळतेच. यंत्राचे ज्ञान एकतर्फी आहे. पाहणारा दिसत नाही, त्याच्या घरात डोकावता येत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही. शिवाय वाडी विसरते. येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पुराचा तडाखा बसला. अशा पुरात ग्रंथ जातात याचे दुःख करावेच लागते. पण कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले याचे कागदही तितकेच नाशवंत असतात. दूरच्या संगणकातील नोंदीला वाशिष्ठीचे पाणी लागत नाही.

यावर उपाय काय? कायदा आहे: २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जे टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत, हे त्याचे व्यंग. घरच्या पातळीवरचे उपाय साधे आहेत. संच विकत घेतल्यावर सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याची माहिती पाठवणे बंद करावे; ज्या यंत्राला इंटरनेटची गरज नाही त्याला ते जोडू नये; ऐकणारे यंत्र ठेवलेच तर पाहुण्यांना तसे सांगावे; आणि घरातील कॅमेरा वा सामायिक खाते यांतून सुनेवर, मुलीवर, वृद्धांवर घरचीच पाळत तर बसत नाही ना, हेही पाहावे. माजघराची ती जुनी नजर आता यंत्राच्या डोळ्यांनी पाहू शकते.

परवान्याच्या काळात घरात यंत्र आहे हे बाहेर ठाऊक होते, त्यातून काय ऐकले जाते ते नव्हते. आता यंत्र बाळगण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आणि काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे थांबवले, हे सारे बाहेर जाऊ शकते. पुस्तक वाचताना आपण कोणत्या ओळीवर अडखळलो, कोणते पान पुन्हा वाचले, हे कोणालाही कळत नसे. वाचकाचे स्वतंत्र मत त्या न कळण्यातच आकाराला येत असे. वाङ्मय शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी या प्रश्नाकडे तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून पाहू नये, ते एवढ्यासाठी. पूर्वी खासगी राजाची होती. ती रयतेची व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. मिळालेली ही वस्तू मीटरच्या आणि पडद्याच्या वाटेने परत जाऊ द्यावयाची की नाही, हे आता रयतेनेच ठरवावयाचे आहे.